द लाँग डार्क : काय उचलायचं आणि काय सोडून द्यायचं?

हिमवाट
नमस्कार मंडळी. गेले तीन आठवडे रात्री जेवणं झाली की तासभर 'द लाँग डार्क' खेळतोय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कॅनडाच्या उत्तरेला ग्रेट बेअर नावाचं काल्पनिक बेट आहे. भूचुंबकीय वादळाने जगातली वीज गेलीय आणि आपण बर्फात एकटे. झोंबी नाहीत, डाकू नाहीत. थंडी, भूक, तहान, थकवा आणि लांडगे, एवढेच शत्रू. एकदा मेलात की सेव्ह पुसलं जातं, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

माझा अकरा दिवसांचा डाव काल संपला, आणि ज्या पद्धतीने संपला ते डोक्यातून जात नाहीये. बेटाच्या मिस्ट्री लेक या भागात होतो, अवघडपणाची पातळी व्हॉयेजर. कार्टर धरण पूर्ण धुंडाळून परत निघालो होतो. पाठीवर ४१ किलो. मर्यादा ३० ची आहे हे माहीत होतं, पण मिळालंय ते टाकवेना. दोन कुऱ्हाडी, सहा किलो भंगार लोखंड, चौदा डबे, दोन जादा कोट, एक बंद पडलेली विजेरी. कॅम्प ऑफिस समोर दिसत होतं म्हणून तळ्याच्या बर्फावरून सरळ निघालो. मध्येच हिमवादळ सुटलं. ओझ्यामुळे पळता येईना. वाटेत मासेमारीची झोपडी लागली. आत चूल असते. माझ्याकडे तीन किलो लाकूड होतं, १७ काड्या होत्या. मनात आलं, काडी कशाला घालवायची, ऑफिस काय आलंच. दहा मिनिटांनी पडद्यावर फक्त पांढरं होतं आणि मी गोल फिरत होतो.

१७ काड्या खिशात ठेवून थंडीने मेलो. तर प्रश्न असा की मौल्यवान म्हणजे नेमकं काय? काय दिसलं की डोळे झाकून उचलायचं, आणि काय कितीही मोह झाला तरी सोडायचं? यादीपेक्षा तुम्ही विचार कसा करता ते सांगा.

चकमक
धागा काढलात हे फार चांगलं केलंत. मी हा खेळ २०१४ साली अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये आला तेव्हापासून खेळतोय, पूर्ण आवृत्ती १ ऑगस्ट २०१७ ची. तुमचा मृत्यू वाचून पोटात कालवलं, कारण त्या तळ्यावर मीही मेलोय.

मी कुठलीही वस्तू हातात घेतली की एकच प्रश्न विचारतो. ही पुन्हा बनवता येते का?

पाणी बनतं, बर्फ वितळवा आणि उकळा, बेटावर बर्फाला तोटा नाही. मांस मिळतं. आतडी पाच दिवस घरात वाळवली की दोरा झाला. सशाचं कातडं तीन दिवसांत, हरणाचं पाच, लांडग्याचं सात, अस्वलाचं बारा दिवसांत तयार होतं, त्यातून हातमोजे, बूट, कोट शिवता येतात. भंगार लोखंडातून गळ बनतो, गळाला आतड्याचा दोर लावला की तेच सुईदोऱ्याचंही काम करतं. भट्टीवर चाकू, कुऱ्हाड आणि बाणाची टोकं घडवता येतात.

आता दुसरी बाजू. काडी बनत नाही. धार लावायचा दगड बनत नाही. भट्टीसाठी लागणारा जड हातोडा बनत नाही. हॅकसॉ, म्हणजे लोखंड कापायची करवत, बनत नाही. भिंग बनत नाही, पण ते झिजतही नाही. ऊन असेल तर भिंगाने आग पेटते आणि एक काडीही जात नाही. तेव्हा कुणाच्या टेबलाच्या खणात भिंग दिसलं तर तो दिवस सणाचा समजा.

तुमच्या ओझ्यात सहा किलो लोखंड होतं ना? ते धरणातच एका कपाटात ठेवायचं होतं. लोखंड कुठे पळून जात नाही.

सावळ्या
+१. वाचनखूण साठवली.

घोंगडी
चकमक, तुमचं म्हणणं शंभराव्या दिवशी बरोबर आहे. पहिल्या पाच दिवसांत नाही. नव्या माणसाला धारेचा दगड शोधायला लावलंत तर तो दगड हातात धरून गोठेल.

सुरुवातीला लोकरीचं जे दिसेल ते अंगावर चढवा. कानटोपी, मोजे, हातमोजे, आतली लाँग जॉन्स. अंगावरचे कपडे सुधारले की घराबाहेर काढता येणारे तास वाढतात, आणि तास वाढले की बाकी सगळं आपोआप सापडतं. जादा कोट मिळाला तर तो वाहायचा नाही, तिथेच फाडून कापड करायचं. कापडातून बँडेज होतं, कपड्यांना ठिगळ लागतं. पडदे, टॉवेल, चादरी यांचंही कापड होतं, त्यामुळे कापडासाठी मैलभर ओझं नेण्याची गरज कधीच नसते.

खाण्यात वजनाला भरपूर देणारं घ्या. पीनट बटरची बरणी अर्धा किलोची, ९०० कॅलरी. लष्करी जेवणाचं पाकीट १७५० कॅलरी. सोड्याचा कॅन २५० देतो, वर तहानही भागवतो. डबे जड, ते मुक्कामाला खा.

आणि डबा उघडायला ओपनर नाही म्हणून दगडावर आपटू नका, अन्न सांडतं. चुलीवर तापवला की डबा अख्खा मिळतो.

कोरडी_काडी
हिमवाट, १७ काड्या ही फार मोठी श्रीमंती होती. काडीबद्दल मला लिहायचंच आहे.

काडी साठवायची नसते, काडी ताणायची असते. एक काडी म्हणजे एक आग, हे गणितच चुकीचं आहे. पेटलेल्या आगीतून मशाल काढता येते. ती हातात धरून तुम्ही पुढच्या गुहेपर्यंत गेलात की तिथली आग मशालीनेच पेटते. तिथून पुन्हा मशाल काढा. माझ्या गेल्या डावात एका काडीवर मी प्लेझंट व्हॅलीच्या फार्महाऊसपासून पार बाहेरच्या वाटेपर्यंत पोचलो होतो, मध्ये चार ठिकाणी आग. लांडगे दूर राहिले ते वेगळंच.

अट एकच, वारा. मोकळ्यावर वारा सुटला की मशाल विझते. तेव्हा पाठ वाऱ्याकडे ठेवायची, कडेकडेने, खडकांच्या आडोशाने चालायचं. वाऱ्याचा आवाज बदलला की आधी आडोसा बघायचा, नकाशा नंतर.

आग पेटवण्याचं कौशल्य तिसऱ्या पायरीवर गेलं की वाती, कागद, चिंध्या असलं काही लागत नाही. तोपर्यंत पाणकणसाचे बोंडे जपून ठेवा. कोळसा मात्र आग चांगली धरल्यावरच घालता येतो, हे विसरू नका.

जुनापाना
मी फॉलआउट ४ या दुसऱ्या खेळातला आहे, तिथून सवयी घेऊन या खेळात आलो आणि पहिल्या चार डावांत हिमवाट यांच्यासारखाच ओझ्याखाली गेलो.

फॉलआउट ४ मध्ये बॉस्टनच्या अवशेषांत फिरताना कचरा हीच संपत्ती असते. टेबलफॅन दिसला की हात शिवशिवतात, कारण त्यात स्क्रू. मोटारीची खेळणी, टाइपरायटर, सगळं स्क्रूसाठी. डक्ट टेप आणि गोंदाची बाटली म्हणजे बंदुकीवर नवे भाग चढवण्याची सोय. गोंद कमी पडतो म्हणून आम्ही शेती करायचो. तीन मके, तीन टॅटो, तीन मटफ्रूट (ही दोन्ही त्या खेळातली काल्पनिक पिकं) आणि एक शुद्ध पाणी शिजवलं की पाच गोंद. हवा तो पदार्थ खूणगाठ लावून ठेवला की दुकानात, कपाटात त्या वस्तूपुढे भिंगाची खूण येते. वस्ती मोठी करत जाता येते, व्यापाऱ्यांना पाणी विकता येतं. तिथे प्रत्येक वस्तूला भाव आहे, कारण घेणारं कुणीतरी आहे.

इथे घेणारं कुणीच नाही. भाव फक्त तुमच्या पुढच्या रात्रीला. हा फरक कळायला मला चार डाव लागले.

सावळ्या
जुनापाना, गोंदाची शेती हे मला फार आवडलं. आजीला सांगितलं तर म्हणेल, खळ तर आम्हीही शिजवायचो.

जुनापाना
आजींचं बरोबर आहे. पिठाची खळच ती.

लामणदिवा
मी स्वतः खेळत नाही, भाचा खेळतो आणि मी शेजारी बसते. त्याला मी आल्यापासून सांगतेय की 'लूट' म्हणू नकोस. ती घरं कुणाची तरी आहेत. परवा एका घरात त्याने खण उघडला, आत फक्त चॉकलेटचा बार होता आणि बाजूच्या खोलीत गोठलेला माणूस. भाचा बार उचलून निघाला. मी म्हटलं, थांब, त्या माणसाकडे एकदा बघ तरी. त्याने कॅमेरा वळवला, दोन क्षण थांबला, मग गेला. तेव्हापासून तो स्वतःहून थांबतो. मला खेळातलं फार कळत नाही, पण या खेळाची शांतता मला आवडते.

शब्दवेडा
लामणदिवा ताई, शब्दाची गंमत सांगतो. इंग्रजांनी 'लूट' हा शब्द इथूनच, हिंदीतून उचलला, मूळ संस्कृत धातू 'लुण्ट्'. इंग्रजीत गेला, तिकडून व्हिडिओ गेममध्ये आला आणि आता आपली मुलं तो इंग्रजी समजून वापरतात. आपलंच नाणं फिरून घरी आलं.

आणि लूट वाईटच असं नाही हो. दसऱ्याला आपण सोनं लुटतोच की.

लामणदिवा
आपट्याचं पान लुटतो ते लगेच दुसऱ्याच्या हातात द्यायला. ते चालेल मला. :)

रोहित्र
थोडं अवांतर, पण धाग्याशी जोडलेलं आहे. मी विजेच्या पारेषण क्षेत्रात काम करतो, म्हणून या खेळाची पार्श्वभूमी मला ओढून घेते.

सूर्यावरून आलेल्या वादळाने पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र हललं की जमिनीत आणि लांब तारांत प्रवाह निर्माण होतो. तो जवळपास एकदिश असल्यामुळे रोहित्राचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा, गाभा संपृक्त होतो, रोहित्र तापतं, व्होल्टेज सांभाळणारी यंत्रणा एकामागून एक बाहेर पडते. १३ मार्च १९८९ ला कॅनडातल्या क्वेबेकमध्ये हेच झालं. सगळं जाळं दीड मिनिटाच्या आसपास कोसळलं, सुमारे ६० लाख लोक नऊ तास अंधारात, तेही मार्चच्या थंडीत. तिथला खडक कठीण, वीज नीट न वाहणारा, त्यामुळे प्रवाहाला तारांचीच वाट सोपी पडली. म्हणजे खेळाने कॅनडा निवडला हे अगदी चपखल आहे.

खेळात ध्रुवीय प्रकाश दिसला की बंद दिवे लागतात, संगणक सुरू होतात, विजेरी चालते. बरेच जण याला जादू म्हणून सोडून देतात. पण सप्टेंबर १८५९ च्या वादळात बॉस्टन आणि पोर्टलंडच्या तारबाबूंनी बॅटरी काढून टाकली आणि नुसत्या त्या प्रवाहावर तारा पाठवल्या होत्या. बीज तिथे आहे.

आता लुटीचं. त्या रात्री जमिनीवर पडलेल्या तारांना शिवू नका, जीव जातो. आणि विजेरी फक्त त्याच रात्रींत उपयोगाची, लांडग्यांवर प्रकाश टाकला तर ते मागे हटतात. हिमवाट, तुमची 'बंद पडलेली विजेरी' बंद पडलेली नव्हती. तरी पहिल्या अकरा दिवसांत ती ओझंच होती.

हिमवाट
रोहित्र, हे वाचून थक्क झालो. मे २०२४ च्या वादळात लडाखमध्ये हानलेला आकाश लाल झालेले फोटो बघितले होते, तेव्हा इतका विचार केला नव्हता. धन्यवाद.

एडमंटनकर
मी कॅनडातल्या अल्बर्टात राहतो, चौदावा हिवाळा. खेळातली बरीचशी 'लूट' माझ्या फिरण्याच्या वाटेवर आहे म्हणून लिहितो.

पाणकणीस इथे प्रत्येक डबक्याच्या कडेला उभं असतं. आपल्याकडे ओढ्याकाठी दिसतं तेच कुळ, तपकिरी सॉसेजसारखं बोंड. खेळात एका देठाला १५० कॅलरी, कधी नासत नाही, वजन नगण्य. चकमक, तुमच्या 'पुन्हा मिळतं का' या कसोटीवर हे बसत नाही, एकदा खुडलं की उगवत नाही. तरी मी दिसलं तिथे घेतो, कारण वाटेत खायला यापेक्षा सोयीचं काही नाही.

जंगली गुलाब हे अल्बर्टाचं राज्यफूल. पानं गळाली की काटेरी झुडपावर लाल फळं तशीच राहतात, बर्फात टिपके पडल्यासारखी. त्यांचा चहा इथले लोक खरंच करतात. खेळात तोच चहा वेदनाशामक गोळीच्या जागी चालतो. रेशी अळंबीचा चहा प्रतिजैविकाच्या जागी. झाडांवरून लोंबणारं, म्हाताऱ्याच्या दाढीसारखं दगडफुलाच्या जातीतलं जे असतं, त्याची पट्टी जखमेवर जंतुनाशकाच्या जागी. म्हणून औषधाच्या बाटल्या वाहून दमू नका, औषध रानात आहे. तेवढं वाटेत खुडत चला.

आता थंडी. उणे ३० ला भिजलेला हातमोजा म्हणजे हातमोजा नाहीच. इथे हिवाळ्यात माझ्या गाडीत फावडं, ब्लँकेट, मेणबत्ती, काडेपेटी आणि बॅटरी जोडायच्या केबल्स कायम असतात. पहिल्या वर्षी शेजारच्या काकांनी मला ते सामान स्वतः आणून दिलं आणि म्हणाले, हे वापरायला लागू नये म्हणूनच ठेव, पण लागलं तर क्षणभरही विचार करू नकोस. हिमवाट यांच्या त्या १७ काड्या वाचून मला ते काका आठवले.

खाडीकाठ
आमच्याकडे कोकणात याला आगोट म्हणतात. मृग लागायच्या आधी चार महिन्यांचं भरून ठेवायचं. आई एप्रिल-मे नुसती अंगणात असायची. सोडे, जवळा, सुके बांगडे उन्हात. आमसुलं. मिठाची पोती पाटावर, जमिनीला टेकू द्यायची नाहीत, ओल धरतात. कांद्याच्या माळा पडवीच्या वाशाला. चुलीमागे लाकूडफाटा असा रचायचा की पुढचं आधी संपेल आणि मागचं वाळत राहील. आणि काडेपेट्या एका पत्र्याच्या डब्यात, वर घट्ट झाकण, तो डबा चुलीच्या वरच्या फळीवर, कारण पावसात घरातलं तेवढंच ठिकाण कोरडं.

हा खेळ मी त्यामुळेच खेळतो. बाकीच्यांना तो उदास वाटतो, मला ओळखीचा वाटतो. माझ्या कॅम्प ऑफिसमध्ये प्रत्येक कपाटाला काम नेमलेलं आहे. एकात औषधं, एकात कापड, एकात हत्यारं, आणि मांस बाहेर बर्फात, कारण बाहेर ते सावकाश नासतं. वासाने लांडगे येतात म्हणून पाठीवर कच्चं मांस घेऊन लांब फिरत नाही.

एक सांगतो. आगोट भरणारी आई कधी ओझं घेऊन फिरायची नाही. ती ठेवायची. आपण वाहण्याला साठवणं समजतो, तिथेच चुकतं.

घोंगडी
खाडीकाठ, शेवटची ओळ अगदी पटली. मी ठेवणी करते ती वाटेवर. मासेमारीच्या झोपडीत दोन किलो लाकूड आणि एक डबा. गुहेत कोळसा आणि लाकूड. गाडीच्या डिकीत पाणी आणि बँडेज. बेटावर बारा-तेरा ठिकाणी माझं थोडं थोडं आहे. पाठीवर २० किलोच्या आतच.

नकाशेवाला
सगळे फिरून फिरून बोलताय. नेटवर प्रत्येक भागाचे नकाशे आहेत, कुठे काय मिळतं ते ठिपक्यांसकट. पाच मिनिटं बघा, थेट तिथे जा. एवढा जीव कशाला काढायचा?

चकमक
नकाशेवाला, ज्याचा त्याचा आनंद. पण नकाशा उघडून खेळलात तर टिंबरवुल्फ माउंटनच्या शिखरावरचं विमान फक्त 'तिथे जाऊन घ्यायची वस्तू' होते. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला ते माहीत नव्हतं. क्रिस्टल लेकच्या झोपडीत चार दिवस वादळ संपायची वाट बघितली, मग दोरावरून चढत गेलो. दोरावर ओझं असलं की दम तुटतो, म्हणून कड्यांवर एक एक वस्तू टाकत गेलो. शेवटी वर पोचलो तेव्हा माझ्याकडे चाकू, झोपायची पिशवी आणि थोडं मांस एवढंच होतं. धुकं हटलं आणि समोर विमानाची शेपटी. मालाचे कंटेनर इकडे तिकडे. मी खुर्चीत ताठ झालो. वर घ्यायला इतकं होतं की पाठ रिकामी होती हेच भाग्य.

नकाशेवाला
मान्य, वर्णन जबरदस्त. पण चकमक, दिवसभर काम करून रात्री तासभर मिळतो. त्या तासात मला चार दिवस वादळाची वाट बघायची नाही. आणि इंटरलोपर या फार अवघड पातळीवर जड हातोडा शोधत महिनाभर भटकणं हा आनंद नाही, शिक्षा आहे. तिथे बंदूक नाही, तयार चाकू नाही, तयार कुऱ्हाड नाही. सगळं भट्टीवर. हातोडा नसेल तर तुम्ही संपलात.

कोरडी_काडी
इंटरलोपरबद्दल नकाशेवाल्यांशी सहमत. तिथे भट्ट्या कुठे आहेत एवढं तरी आधीच माहीत असावं. फोरलॉर्न मस्केगमध्ये स्पेन्स कुटुंबाच्या घराजवळ, डेसोलेशन पॉइंटला रायकेन जहाजात, ब्रोकन रेलरोडच्या दुरुस्ती यार्डात. हातोडा, लोखंड आणि कोळसा तिघं एकत्र आले तरच उपयोग, म्हणून भट्टीकडे निघण्याआधी कोळसा गोळा करा. बाकीचं शोधू द्या लोकांना.

नव्या माणसाने मात्र इंटरलोपरला हातच लावू नये.

सावळ्या
कुणी धरणातल्या फ्लफीची आठवण काढली नाही अजून! पूर्वी कार्टर धरणाच्या आत, अंधारात एक लांडगा असायचा. नव्या माणसाला वाटायचं आत आलो म्हणजे सुटलो, आणि कोपऱ्यावरून गुरगुर. खेळाडूंनी लाडाने त्याचं नाव फ्लफी ठेवलं होतं. धरणातली सगळी लूट त्याच्या परवानगीनेच मिळायची.

चकमक
फ्लफीला विसरेन कसा. त्याच्यामुळे मी दार उघडलं की आधी कान देऊन ऐकायला शिकलो.

खाडीकाठ
समुद्राचं कुणी बोललं नाही. कोस्टल हायवेच्या किनाऱ्यावर वादळानंतर वस्तू वाहून येतात. लाकूड, कापड, कधी हत्यार. म्हणजे बेटावर कायमचं भरत राहणारं ते एक कोठार आहे. आमच्याकडे भरतीनंतर पुळणीवर काय आलंय ते बघायला पोरं धावायची, अगदी तसंच. पण कडेचा बर्फ पातळ असतो, पाय गेला की कपडे ओले, आणि ओले कपडे म्हणजे काय ते एडमंटनकरांनी सांगितलंच आहे. तिथे ओझं घेऊन जाऊ नका आणि जवळच आग लावायची जागा आधी ठरवून ठेवा.

चकमक
उत्तम आठवण. शंभर दिवसांपुढे माझा मुक्काम त्यामुळेच किनाऱ्याला असतो.

ओझ्याचं आणखी एक. वजन वाढवायचे मार्ग आहेत. तीन दिवस भूक पूर्ण रिकामी होऊ दिली नाही तर पाच किलो जास्त वाहता येतं. मूस हे मोठं हरीण मारून त्याच्या कातड्याची पिशवी शिवली की आणखी पाच. अ‍ॅश कॅन्यनच्या सोन्याच्या खाणीत एक पाठपिशवी आहे, तिचे आणखी पाच. माझ्या मते सगळ्या बेटावरची सर्वात मौल्यवान वस्तू ती पिशवीच. पण ती आणायला झुलते पूल, दोर आणि अस्वल ओलांडावं लागतं. घाई नाही.

घोंगडी
घाई नाही हे खरं, पण पाच किलो वाढले की माणूस दहा किलो जास्त उचलतो. आधी २० मध्ये राहायची सवय लावा.

लामणदिवा
हे सगळं भाच्याला वाचून दाखवलं. तो विचारतो, स्वयंपाकाचं कौशल्य वाढवण्यात वेळ घालवायचा का?

खाडीकाठ
घालवायचाच म्हणावं. पाचव्या पायरीला पोचला की शिजवलेलं जुनं अन्नही बाधत नाही. त्या दिवसापासून कोठारातलं काहीच फुकट जात नाही. तोपर्यंत लांडगा-अस्वलाचं मांस जपून, त्याने पोटात जंत होतात.

हिमवाट
मंडळी, पंधरा दिवसांनी परत आलोय. नवा डाव, पुन्हा मिस्ट्री लेक, पुन्हा व्हॉयेजर. आज ३४ वा दिवस.

तुमचं सगळं वाचून एक गोष्ट केली. कुठल्याही घरातून निघताना दाराशी थांबतो आणि पिशवी जमिनीवर रिकामी करतो. पुन्हा फक्त तेच भरतो जे पुढच्या मुक्कामापर्यंत लागेल. बाकी कपाटात. पहिल्या दोन दिवसांत हात थरथरायचा. आता सवय झालीय.

आत्ता पाठीवर काय आहे ते सांगतो. झोपायची पिशवी, चाकू, कुऱ्हाड, धारेचा दगड, पातेलं, एक लिटर पाणी, सहा पाणकणसाची देठं, एक पीनट बटर, दोन बँडेज, गुलाबफळांचा एक चहा, दोन किलो लाकूड, एक मशाल. २० च्या आत. हॅकसॉ मिळालाय, तो ऑफिसमध्ये आहे. भिंग अजून नाही.

परवा मुद्दाम त्याच झोपडीत गेलो. आभाळ स्वच्छ होतं, गरज काहीच नव्हती. चूल पेटवली. काडी लावताना मनात थोडं दुखलं, खोटं नाही सांगत. मग बर्फाला भोक पाडून गळ टाकला. दोन मासे मिळाले, शिजवले, त्यातून दिव्याचं तेलही निघालं. दुपारी वारा फिरला आणि खरंच वादळ आलं. मी आत बसून लाकूड सरकवत राहिलो. बाहेर काहीच दिसत नव्हतं, फक्त पत्र्याचा आवाज. निघताना आगीतून मशाल काढली आणि ऑफिसची चूल तिनेच पेटवली. झोपडीत तीन किलो लाकूड आणि एक डबा ठेवून आलोय.

एडमंटनकर
त्या डब्याशेजारी एक काडेपेटीही ठेवा. मशाल विझली तर.

हिमवाट
ठेवतो. उद्या पहिलं काम तेच.

एक विचारायचं राहिलं. पुढच्या आठवड्यात दरीतल्या रुळांवरून कोस्टल हायवेला निघायचा बेत आहे. क्वॉन्सेट गॅरेजपाशी लांडगे किती असतात?

कोरडी_काडी
भरपूर. दरी संपायच्या आधी आग करा, मशाल काढा, आणि सकाळी निघा. हरणाचं मांस बरोबर नको.

घोंगडी
आणि गॅरेजमध्ये पोचलात की पहिल्या रात्री काही शोधू नका. झोपा. खण सकाळीही तिथेच असतात.